बाराव्या वर्षीचं गोदाम: एका उत्तरभागाचं प्रकरण

एका तरुण लेखकाच्या विज्ञानकादंबरीच्या दुसऱ्या भागाचा मसुदा माझ्याकडे आला होता. त्यातलं तिसरं प्रकरण असं होतं. सगळं कोसळल्याला बारा वर्षं झाली आहेत. साठ माणसांच्या वस्तीतले तिघेजण एका बंद गोदामाचं गंजलेलं शटर पहारीने उचकटतात. आत पोत्यांच्या थप्प्या, वर बोटभर धूळ आणि पत्र्याच्या भोकातून आलेली उन्हाची एक तिरीप. गहू, मका, मटार, कांद्याच्या बियांची पाकिटं. तिघांतली वयाने मोठी असलेली बाई गुडघ्यांवर बसते आणि पोत्याला मिठी मारते. पुढच्या पानावर पाऊस पडतो, त्याच्या पुढच्या पानावर पिवळंधमक पीक उभं राहतं आणि प्रकरण संपताना साठ माणसं बारा वर्षांनी पहिल्यांदा पोटभर जेवतात.

वाचताना माझे डोळे भरून आले होते. तरी दुसऱ्या दिवशी लेखकाला कळवलं, की यातलं शटर सोडलं तर काहीच असं घडू शकत नाही.

मी बरीच वर्षं बीजपरीक्षणाचं काम केलं आहे आणि विज्ञानकथा हे माझं जुनं वेड. हा लेखक वयाने माझ्याहून पुष्कळ लहान आहे आणि मला ताई म्हणतो. त्याच्या पहिल्या भागात संस्कृती कोसळते आणि वाचलेली माणसं एका नदीच्या मुखाशी येऊन थांबतात. दुसरा भाग उभारणीचा. कोसळल्यानंतर जन्मलेली मुलं त्याला बोलती-चालती, प्रश्न विचारणारी हवी होती, म्हणून त्याने मध्ये बारा वर्षं जाऊ दिली. निर्णय चांगला होता. पण कथेत आपण वर्षं पुढे ढकलली की त्या वर्षांमध्ये प्रत्येक वस्तूचं काय झालं असेल ते विचारावं लागतं आणि ते त्याने विचारलं नव्हतं. विज्ञान तपासायला म्हणून त्याने मसुदा माझ्याकडे दिला, तो या टप्प्यावर. नावगाव न सांगता हे प्रकरण लिहायला त्याची हरकत नाही.

किरकोळ गोष्टी एका बैठकीत निघाल्या. बाराव्या वर्षी पेट्रोलवर धावणारी गाडी होती, ती काढली. पेट्रोल बंद डब्यातही काही महिन्यांत उतरायला लागतं, बारा वर्षांनी त्याचा चिकट राळेसारखा गाळ उरतो. टायर उन्हाने तडकलेले, बॅटऱ्या मेलेल्या. मुदत संपलेल्या गोळ्यांचा एक प्रसंग होता, तो राहू दिला, कारण कोरड्या जागी ठेवलेल्या कितीतरी गोळ्या छापील तारखेनंतरही बराच काळ गुण राखतात. अडलं ते बियाण्यापाशी.

बी जिवंत असतं, म्हणून मरतं

बियाणं म्हणजे तारखेचा शिक्का मारलेला माल, असं बहुतेक लेखक धरून चालतात. खरं तर दाणा झोपलेला असतो, पण श्वास घेत असतो, आणि उष्णता व ओल वाढली की त्याचं आयुष्य भराभर सरतं. आमच्या कामात बीजशास्त्रज्ञ हॅरिंग्टनचा एक ढोबळ नियम सगळ्यांच्या तोंडी असतो. बियाण्यातली ओल १ टक्क्याने उतरवली की आयुष्य दुप्पट होतं आणि साठवणीचं तापमान साधारण ५ अंशांनी उतरवलं की पुन्हा दुप्पट. हाच नियम उलटा लावून पाहा. ५ अंशांच्या थंड खोलीत जे बी ३२ वर्षं तग धरेल, ते ३० अंशांच्या पत्र्याच्या शेडमध्ये, ओल तेवढीच असली तरी, एकच वर्ष. त्याच्या गोदामाला तर भोक पडलेला पत्रा होता आणि त्यातून पाऊस आत येत होता.

त्यावर त्याचं उत्तर तयार होतं. “ताई, इस्रायलमधल्या मसादा या प्राचीन किल्ल्याच्या उत्खननात सापडलेली दोन हजार वर्षांपूर्वीची खजुराची बी २००५ मध्ये रुजली, झाड झालं. मग बारा वर्षांचं काय घेऊन बसलीस?”

गोष्ट खरी आहे. पण ती वाळवंटी कोरड्या हवेत पडून राहिलेली खजुराची आठळी होती, कांद्याचं बी नव्हे. वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम बील यांनी १८७९ मध्ये अमेरिकेत मिशिगन इथे ओलसर वाळूत तणांची बियाणी मिसळून २० बाटल्या पुरल्या होत्या. त्यातली एक २०२१ मध्ये, म्हणजे १४२ वर्षांनी उकरली, तेव्हा त्यातलंही काही बी रुजलं. ते होतं तण! वाट पाहणं हा तणाच्या बियांचा धर्मच आहे. पिकाच्या बियाण्यातली ती सवय माणसाने हजारो वर्षं निवडून निवडून घालवली, कारण आपल्याला पेरल्या-पेरल्या एकदम उगवणारा दाणा हवा होता. इजिप्तच्या थडग्यातला गहू रुजल्याच्या कहाण्या कितीही सांगितल्या गेल्या, तरी तपासणीत त्यातली एकही टिकलेली नाही.

बोलून त्याचं समाधान होईना, म्हणून मी त्याला घरी बोलावलं. माझ्याकडे बिनथंडीच्या कपाटात राहिलेले जुने नमुने होते. प्रयोगशाळेत रीतसर चाचणीला ४०० दाणे घेतात, शंभराचे चार गट. आम्ही गव्हाचे शंभर आणि कांद्याचे शंभर एवढेच घेतले, ओल्या कापडावर रांगेत मांडले, गुंडाळी केली आणि ती उभी करून ठेवली. आठव्या दिवशी गव्हाची गुंडाळी त्यानेच उलगडली. आधी वास आला, आंबूस, बुरशीचा. बहुतेक दाणे फुगून मऊ पडले होते, बोटाने दाबले की आतून दुधाळ पाणी यायचं. बोटांवर मोजण्याइतके फुटले होते आणि त्यातल्या काहींना मूळ होतं पण कोंब नव्हता. पांढरं केसासारखं मूळ ओल्या कापडाला चिकटून पुढे गेलेलं, वर काहीच नाही. आम्ही त्याला विकृत रोप म्हणतो आणि मोजणीत धरत नाही. तो बराच वेळ त्या एका दाण्याकडे पाहत बसला. पुढे बाराव्या दिवशी कांद्याची गुंडाळी उघडली, त्यातला एकही दाणा हलला नव्हता. कांद्याचं बी साध्या साठवणीत वर्ष-दोन वर्षांत संपतं, हे त्याला त्या दिवसापासून पुन्हा सांगावं लागलं नाही.

ते मुळाचं चित्र नव्या मसुद्यात जसंच्या तसं आलं आहे.

गुलाबी दाणे

दुसरी खोट जास्त गंभीर होती. मसुद्यात पेरून उरलेला गहू माणसं दळून खातात. पण गोदामातलं बियाणं बहुधा बीजप्रक्रिया केलेलं असतं, म्हणजे त्यावर बुरशीनाशक किंवा कीटकनाशक चढवलेलं असतं. कुणी चुकून खाऊ नये म्हणून त्याला मुद्दाम लाल किंवा गुलाबी रंग देतात.

इथे मी त्याला इराकची हकीकत सांगितली, कारण संस्कृती कोसळल्यानंतरच्या जगाचं याहून खरं चित्र मला माहीत नाही. १९७१ मध्ये दुष्काळानंतर इराकने पेरणीसाठी परदेशातून गहू आणवला. त्याला बुरशीनाशक म्हणून मिथिल पाऱ्याची, म्हणजे पाऱ्याच्या एका विषारी संयुगाची, प्रक्रिया केली होती आणि रंगही दिला होता. पोत्यांवर इशारे होते, पण इंग्रजी आणि स्पॅनिश भाषेत. कवटीची खूण खेड्यातल्या माणसांच्या ओळखीची नव्हती. काही ठिकाणी धान्य पोहोचेपर्यंत पेरणीही उरकली होती. लोकांनी दाणे धुतले, रंग पाण्यात उतरला, त्यांना वाटलं विषही उतरलं. काहींनी आधी कोंबड्यांना घालून पाहिलं आणि कोंबड्यांना लगेच काही झालं नाही. मग त्याच्या भाकरी झाल्या. या विषाची लक्षणं दिसायला काही आठवडे जातात, तोवर घरोघरी माणसं रोज ते खात होती. रुग्णालयांत ६,५३० जण दाखल झाले आणि त्यांतले ४५९ दगावले.

या लोकांनी करता येण्यासारखी प्रत्येक खबरदारी घेतली होती, ही गोष्ट मला आजही सोडत नाही. धुतलं, तपासलं, वाट पाहिली. त्यांच्यापर्यंत फक्त पोत्यावरची अक्षरं पोहोचली नव्हती.

आज बियाण्याला पाऱ्याची प्रक्रिया सहसा होत नाही, पण रंगाचा अर्थ तोच आहे. लेखकाने हे ऐकून घेतलं आणि आठवड्याभरात गोदामाचा प्रसंग नव्याने लिहिला. त्यात कोसळल्यानंतर जन्मलेली दहा वर्षांची मुलगी आहे. पोतं फाटतं, दाणे तिच्या ओंजळीत पडतात आणि ती विचारते, “गहू गुलाबी असतो?” तिने गहू कधी पाहिलेलाच नाही, त्यामुळे तिच्या दृष्टीने हे साधं कुतूहल आहे. उत्तर देणाऱ्या म्हाताऱ्याला गहू आठवतो, पण तो शेतकरी नव्हता. तो म्हणतो, “पाखरांनी खाऊ नये म्हणून असेल.” पोत्यावरची छापील सूचना ओलीने पुसट झाली आहे आणि ज्याला ती वाचता आली असती तो चष्मा फुटलेला माणूस वस्तीवर राहिला आहे. पहिल्या मसुद्यातल्या मिठीपेक्षा मला हे पान कितीतरी मोठं वाटतं.

संकरित बियाण्याचा मुद्दा त्याच्या डोक्यात आधीच होता, पण उलटा. संकरित बी वांझ असतं, ते धरून पेरलं तर उगवतच नाही, असं त्याने एका पात्राच्या तोंडी घातलं होतं. हा समज फार पसरला आहे. संकरित मक्याचा दाणा धरून पेरला तर उगवतो, फक्त पुढच्या पिढीत गुण फुटतात. कुठे उंच, कुठे खुजं, कुठे कणीस भरलेलं, कुठे बोडकं, आणि एकूण उतारा घटतो. गव्हाचं तर बरंचसं बियाणं सरळ, म्हणजे संकरित नसलेल्या, वाणाचं असतं आणि गहू स्वतःच्याच परागाने फळतो, त्यामुळे तो धरून ठेवला तर वर्षानुवर्षं जसाच्या तसा येतो. ते वाक्य त्याने काढलं आणि एवढीच माहिती धरून ठेवली, की मक्याला सोबतीला शेकडो झाडं लागतात, पण गहू चार दाण्यांपासूनही पुढे नेता येतो. पुढे कथानक त्याच्यावरच उभं राहिलं.

“बारा वर्षं ही माणसं काय खात होती?”

हा प्रश्न मी फोनवर सहज विचारला होता. पलीकडे शांतता. मग तो म्हणाला, “मासे. शेळ्या. रानातले कंद.” बरं, नदीच्या मुखाशी साठ माणसं यावर जगतील. पण मग आजूबाजूला कुठेच, कुणीच, बारा वर्षांत काही पेरलं नसेल का? आणि पेरलं असेल, तर जिवंत बियाणं त्या माणसाकडे असणार, गोदामात नाही.

त्याने तीन वाटा पाहिल्या. पहिली, कथा कोसळल्यानंतर बाराऐवजी दोनच वर्षांनी घडवायची. त्याने मुलं गेली असती, म्हणून ती सोडली.

दुसरी वाट स्वालबार्डची. उत्तर ध्रुवाजवळच्या त्या नॉर्वेच्या बेटावर २००८ मध्ये सुरू झालेल्या तिजोरीत उणे १८ अंशांवर जगभरातलं बियाणं ठेवलं आहे, हे त्याला ठाऊक होतं आणि आपल्या माणसांना तशाच एखाद्या तिजोरीकडे पाठवावं असं त्याच्या मनात होतं. मी त्याला ती तिजोरी खरोखर कशी उपयोगी पडली ते सांगितलं. सीरियातल्या युद्धामुळे अलेप्पोजवळच्या इकार्डा या शेती-संशोधन संस्थेला आपल्या बीजसंग्रहाचा वापर करता येईना. २०१५ मध्ये त्यांनी स्वालबार्डमधून आपले नमुने परत मागवले, ती त्या तिजोरीतून झालेली पहिली उचल. लेबनॉन आणि मोरोक्कोत ते पेरले, वाढवले, नवं बियाणं धरलं आणि २०१७ मध्ये त्याचे नमुने पुन्हा तिजोरीत नेऊन ठेवले. म्हणजे तिजोरीलाही शेत लागतं. कुठलीही बीजपेढी नमुन्यांची उगवण ठरावीक काळाने तपासते आणि ती मूळच्या ८५ टक्क्यांखाली घसरली की पेरून ताजं बी धरते. दार लावून निघून गेलं की पेढी संपली.

यावर तो म्हणाला, “मग मला तिजोरी नको. मला ते पेरत राहणारं माणूस हवं.” तिसरी वाट ती.

नव्या मसुद्यात दोन दिवसांच्या अंतरावर एक बाई राहते. तिच्याकडे खाटेएवढा एक तुकडा आहे आणि त्यात ती दर वर्षी गहू लावते. खाण्यासाठी तो पुरणार नाही, हे तिला पहिल्या वर्षापासून ठाऊक आहे. कांदेही लावते. कांद्याला बी धरतं ते दुसऱ्या वर्षी, म्हणजे चांगला पोसलेला कांदा भुकेच्या दिवसांत न खाता जपायचा आणि पुढच्या हंगामात पुन्हा मातीत पुरायचा. ती बारा वर्षं हे करते आहे.

लेखकाला भीती होती, की असं माणूस खोटं वाटेल. मी त्याला लेनिनग्राडची आठवण दिली. दुसऱ्या महायुद्धात त्या रशियन शहराला सप्टेंबर १९४१ ते जानेवारी १९४४ जर्मन सैन्याचा वेढा होता, पहिल्या हिवाळ्यात कितीतरी नागरिकांचं पावाचं रेशन दिवसाला १२५ ग्रॅमवर आलं होतं, आणि वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव यांनी तिथे उभ्या केलेल्या संस्थेत टनावारी बियाणं होतं. वाविलोव स्वतः तेव्हा कैदेत होते; जानेवारी १९४३ मध्ये ते सारातोवच्या तुरुंगात वारले. मागे राहिलेल्या सहकाऱ्यांनी तो संग्रह उंदरांपासून, थंडीपासून आणि स्वतःच्या भुकेपासून राखला. भाताचा संग्रह सांभाळणारे दिमित्री इवानोव भुकेने गेले, तेव्हा भाताची हजारो पाकिटं त्यांच्या हाताशी शाबूत होती. तेव्हा ही बाई खोटी नाही. फक्त तिला थोर करू नकोस, एवढंच मी म्हटलं. तिला कंटाळा येऊ दे, एखाद्या वर्षी तिने तीन कांदे खाल्ले असू दे. त्याने दोन खाल्लेले दाखवले आहेत, आणि ती ते कुणाला सांगत नाही.

मुठीचा हिशेब

ती त्यांना एक मूठ गहू देते. मूठभर म्हणजे सुमारे ४० ग्रॅम, साधारण हजार दाणे. इथे त्याने माझ्याकडे आकडे मागितले आणि माझ्या मते दुसऱ्या भागाचा खरा कणा इथे तयार झाला.

साठ माणसांना, माणशी रोज ६०० ग्रॅम धरले तर, वर्षाला १३ टनांच्या आसपास धान्य लागतं. ती मूठ विस्कटून पेरली आणि मध्ययुगीन युरोपात सर्वसाधारण मिळे तसा एकाला चार उतारा आला, तर सगळं बियाणं म्हणून परत मातीत घातलं तरी चौथ्या सुगीला हातात जेमतेम १० किलो. पण तेच दाणे वीतभर अंतराने एकेक टोकले, पाणी दिलं, खुरपलं, पाखरं राखली, तर एका रोपाला फुटवे येतात आणि शंभर दाणे मिळणं अवघड नाही. दोनशे रोपं गेली असं धरलं तरी पहिल्या सुगीला ८०,००० दाणे, सव्वातीन किलोच्या आत. दुसऱ्या वर्षी तेवढी निगा होणार नाही, पन्नास पट धरली, १६० किलो. तिसऱ्या वर्षी टोकणीला हात पुरणार नाहीत, ओळीने पेरायचं, पंधरा पट, २४०० किलो. त्यातले १००० किलो दहा हेक्टरसाठी बियाणं म्हणून बाजूला काढायचे. चौथ्या सुगीला १२ टन.

पहिल्या सुगीच्या सव्वातीन किलोंत साठ माणसांचं एक जेवणही नीट होत नाही, म्हणून ते राखणं सोपं आहे. दुसऱ्या सुगीचे १६० किलो फार वाईट आहेत. घराघरांत भूक आहे, मध्ये गव्हाची तीन-चार पोती आहेत आणि त्यांना हात लावायचा नाही. पहिल्या मसुद्यात संघर्षासाठी त्याने बाहेरून लुटारू आणले होते. हा हिशेब पाहिल्यावर त्याने ते लुटारू काढून टाकले.

आमचं एका ठिकाणी पटलं नाही. दुसऱ्या सुगीला एक आजारी मूल आहे आणि वस्ती त्याच्या आईला दोन किलो गहू देते. मला वाटतं त्या माणसांनी तो द्यायला नको होता; मुलाला दूध आणि मासे मिळत होते. लेखक म्हणाला, न देणाऱ्या वस्तीबद्दल मला पुढे लिहायचंच नाही. ते पान राहिलं आहे आणि ते त्याचं आहे.

माझी एक सूचना त्याने घेतली. सगळं बियाणं एकाच हातात, एकाच जागी देऊ नये, हा आमच्या कामातला पहिला धडा. म्हणून आता ती बाई डबा उघडते, मूठ भरते, त्यांच्या फडक्यावर धरते आणि सोडण्याआधी अर्धी मूठ परत डब्यात टाकते.

त्या रात्री त्याचा फोन आला. “ताई, अर्ध्या मुठीचा हिशेब मांडून दे.” मांडला. चौथ्या सुगीचे १२ टन तसेच राहतात, कारण बियाण्याला लागणारे १००० किलो तिसऱ्या सुगीत कसेबसे निघतात. पण पूर्ण मुठीत तिसऱ्या वर्षी खायला १४०० किलो उरत होते. अर्ध्या मुठीत उरतात २००, माणशी सव्वातीन किलो, पूर्ण वर्षासाठी.

ते २०० किलो कसे वाटले, यावर त्याने पूर्ण पाचवं प्रकरण लिहिलं आहे. वाटप करणारी ती गुलाबी दाण्यांची मुलगी आहे, आता तेरा वर्षांची. तिला वाचता येतं.